हॅरोच्या परसबागेत ओक की विलो: एका घराचं प्रकरण

लंडनच्या वायव्येला हॅरो भागात १९३० च्या दशकात बांधलेली जोडघरं रांगेनं उभी आहेत. मेट्रोपॉलिटन रेल्वे आली, तिच्या मागोमाग बिल्डर आले, शेतं गेली आणि वस्ती झाली. अशाच एका घराची मागची बाग, २४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, हा या प्रकरणाचा विषय. घरात मराठी नवरा-बायको, नुकतंच जन्मलेलं बाळ, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी कराडहून आलेले आई-आबा. बाळाच्या नावानं एक मोठं झाड लावायचं, एवढं सगळ्यांना मान्य होतं. कोणतं, यावरून घरात दोन तट पडले.

मी इथे झाडांविषयी सल्ला देण्याचं काम करतो. ओळखीतून फोन आला, तेव्हा वाद असा होता: आबांना ओक हवा. वडासारखं दणकट, नातवाच्या नातवानं बघावं असं झाड. लेकीला तळ्याकाठी दिसतो तसा झुकत्या फांद्यांचा विलो हवा. जावई शनिवारी क्लबाकडून क्रिकेट खेळणारा. त्यालाही विलोच हवा, पण बॅटचा. शिवाय विलोच्या बाजूनं एक व्यावहारिक मुद्दा होता आणि तोच सगळ्यांना पटला होता. बागेच्या टोकाचा डावा कोपरा पावसाळी दिवसांत चिखलानं भरून जायचा. विलो पाणी भरपूर पितो, तेव्हा तो लावला की कोपरा आपोआप कोरडा होईल. इंटरनेटवर हे दहा ठिकाणी लिहिलेलं सापडतं.

आईंचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एवढंच म्हणाल्या, "आधी पाणी येतंय कुठनं ते बघा की."

हा सल्ला सगळ्यात उपयोगाचा ठरला.

कोपऱ्यातला खड्डा

नोव्हेंबरातल्या एका सकाळी आम्ही त्या कोपऱ्यात फावडं घातलं. वरचं गवत पिवळट, मुळं जेमतेम दोन बोटं खोल. त्याखाली पिवळसर तपकिरी चिकणमाती, इतकी चिकट की फावड्याच्या पात्यावरून ती बोटांनी ओढून काढावी लागे. तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशवीची चिंधी आणि तांब्याच्या नळीचा एक तुकडा. साधारण फूटभर खाली गेल्यावर एकदम रंग बदलला: काळपट, भुसभुशीत, जुनी बागेची माती. म्हणजे खालची माती वर आणि वरची खाली.

उलगडा लगेच झाला. आधीच्या मालकानं स्वयंपाकघर वाढवलं होतं. पायाची खणलेली चिकणमाती वाहून न्यायला पैसे पडतात, म्हणून ती बागेच्या टोकाला पसरून वर गवताचे गालिचे अंथरले. चांगल्या मातीवर चिकणमातीचं झाकण बसलं, मजुरांच्या पायांनी ते दाबलं गेलं, आणि पाणी वरच्या वर साचू लागलं. जवळच पावसाच्या पाण्याच्या वाहिनीचं झाकण होतं. ते उघडून पाहिलं, आत पाणी नीट वाहत होतं. दोष वाहिनीचा नव्हता.

आबांनी मातीची गोळी करून तळहातावर वळवली. बांगडीएवढी वळी झाली तरी तडा गेला नाही. "आमच्या काळ्या रानाची बहीण हाय ही," ते म्हणाले. "उन्हाळ्यात भेगा पडत असतील बघ, पाय जाईल एवढ्या."

बरोबर होतं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत आणि लंडनच्या चिकणमातीत रंगाचं काही साम्य नाही, पण गुण तोच. दोन्हींत पाणी शिरलं की फुगणारी आणि सुकली की आक्रसणारी खनिजं आहेत. काळ्या रानात घर बांधताना पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, हे कराडकडचा कुठलाही गवंडी सांगेल. इथली गंमत अशी की ही चिकणमाती कित्येक ठिकाणी दहा मीटरहून कितीतरी खोल आहे. मुरूम लागायची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि १९३० च्या दशकातल्या या घरांचे पाये आजच्या मानानं फारच उथळ. बहुतेकदा एक मीटरही नाही.

इथून पुढे वादाचा विषय खरं तर बदलायला हवा होता. ओक सुंदर की विलो सुंदर हा प्रश्न बाजूला ठेवून, कोणतं झाड घराखालची माती किती सुकवेल हे आधी बघायचं.

झाड पाणी पितं कधी?

कोपरा चिखलाचा कधी होतो? डिसेंबर ते मार्च. तेव्हा विलो निष्पर्ण असतो. पानं नाहीत म्हणजे मुळांना वर ओढणारी ताकद जवळपास नाही. त्या महिन्यांत विलो लावा नाहीतर खांब रोवा, कोपऱ्यातल्या पाण्याला फारसा फरक पडत नाही.

विलो भरपूर पाणी पितो तो मे ते सप्टेंबरात, म्हणजे नेमका जमीन आधीच कोरडी असते तेव्हा. साचलेलं पाणी तो संपवत नाही. मातीत मुरलेला, मातीला फुगवून धरणारा ओलावा ओढतो. माती आक्रसते, वरचा पाया खचतो, भिंतीला तिरपी भेग जाते. खिडकीच्या कोपऱ्यापासून वर चढत रुंद होत जाणारी भेग दिसली की इथले सर्व्हेअर आधी बागेत डोकावतात.

विलो लावून बाग कोरडी करण्याचा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. तळ्याकाठी, ओढ्याकाठी विलो शोभतो कारण तिथे उन्हाळ्यातही पाणी असतं. हॅरोच्या परसात जानेवारीत तळं असतं आणि जुलैत विटेसारखी कडक जमीन.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांवर आला तो १९७६ च्या दुष्काळात. विमा कंपन्यांनी घर खचण्याचं संरक्षण पॉलिसीत घालायला १९७१ मध्ये सुरुवात केली होती, आणि पाचच वर्षांत दाव्यांचा लोंढा आला. त्यानंतर २००३, २०१८, २०२२ अशा कोरड्या उन्हाळ्यांत पुन्हा तेच. अशा दाव्यांत चिकणमाती आणि झाडं ही जोडी वारंवार दिसते, आणि झाडांत ओक आणि विलो दोघंही वरच्या रांगेत.

हे आबांना पचलं नाही. विलोचं ठीक, ते पाणथळ झाड. ओक कशाला त्याच्या पंगतीला?

आकडे काय म्हणतात

नवी घरं बांधताना झाडांजवळ पाया किती खोल घ्यावा, यासाठी ब्रिटनमधल्या राष्ट्रीय गृहबांधणी परिषदेची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात झाडांचे पाण्याच्या भुकेनुसार तीन गट आहेत: जास्त, मध्यम, कमी. ओक आणि विलो दोघंही 'जास्त' गटात. पॉप्लर, एल्म आणि हॉथॉर्न ही झाडंही तिथेच. झाडाची पूर्ण वाढलेली उंची घ्यायची आणि जास्त भुकेच्या झाडाला तिची सव्वापट, मध्यमला पाऊणपट, कमीला निम्मी, एवढ्या अंतरापर्यंत त्याचा प्रभाव धरायचा. मार्गदर्शिका पाया खणणाऱ्यांसाठी आहे, झाड लावणाऱ्यांसाठी नाही. कायदा तर मुळीच नाही. पण परसबागेत अंदाज घ्यायला याहून सोपं माप मला माहीत नाही.

तर हिशेब असा. बॅटचा विलो हा पांढऱ्या विलोचा प्रकार. त्याची उंची २४ मीटर धरली तर प्रभाव ३० मीटर. इंग्लिश ओक २० मीटर, प्रभाव २५. झुकता विलो १६ मीटर, प्रभाव २०. कोपऱ्यातल्या लागवडीच्या जागेपासून घराची मागची भिंत २२ मीटरवर. बॅटचा विलो सपशेल बाद, ओक तीन मीटरनं बाद, आणि गंमत म्हणजे झुकता विलो कागदावर पास!

लेकीचा चेहरा खुलला होता, पण उजव्या बाजूच्या शेजाऱ्यानं कुंपणाला लागून विटांची छोटी खोली बांधली होती, घरून काम करायला. ती कोपऱ्यापासून ८ मीटरवर. झाडाची मुळं कुंपण बघून थांबत नाहीत. शेजाऱ्याला हद्दीत आलेली मुळं तोडायचा हक्क असतो, आणि धोका दिसत असूनही आपण काही केलं नाही तर नुकसानीची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. आपलं घर वाचलं म्हणजे झालं, असं या देशात चालत नाही. आपल्याकडे तरी कुठे चालतं म्हणा, शेताच्या बांधावरच्या एका बाभळीपायी भावकीत बोलणं बंद झालेली घरं आबांनाच माहीत होती.

आणखी एक आकडा लोक नेहमी पुढे करतात: विलोपासून ४० मीटर आणि ओकपासून ३० मीटर दूर राहा. तो लंडनमधल्या क्यू इथल्या राजेशाही वनस्पती उद्यानानं १९७० च्या दशकात नुकसान झालेल्या घरांची पाहणी केली तिच्यातून आला आहे. ती सगळ्यात लांबून नोंदलेली अंतरं आहेत. त्याच पाहणीत बहुसंख्य नुकसान याच्या निम्म्याहून कमी अंतरावरच्या झाडांचं होतं. आणि मुळात ती फक्त नुकसान झालेल्या घरांची यादी. तेवढ्याच अंतरावर शंभर वर्षं निमूट उभ्या असलेल्या झाडांची मोजदाद तिच्यात नाही. त्यामुळे ४० मीटर म्हटल्यावर घाबरून जुनी झाडं तोडणाऱ्यांना मी आधी थांबवतो. त्यातही झाड घराहून जुनं असेल तर तोडणं उलट अंगावर येतं: इतकी वर्षं सुकलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि घराला खालून उचलते. शिवाय झाडाला संरक्षण आदेश असेल तर परवानगीशिवाय फांदीलाही हात लावता येत नाही. दंड जबर आहे.

नवीन झाड लावताना मात्र अंतर पाळायला काहीच पैसे पडत नाहीत. म्हणून तिथे मी कडक.

दोघांतला खरा फरक

पाण्याच्या भुकेत दोघं सारखे, मग फरक कशात? वेळेत.

विलो घाईचा. कोवळेपणी तो वर्षाला एक-दोन मीटर सहज चढतो. दहा वर्षांत तो घराच्या छपराशी बोलायला लागतो, म्हणजे त्याचं जे काही बरंवाईट व्हायचं ते लावणाऱ्याच्याच हयातीत. फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. झुकत्या विलोला दमट वसंतात बुरशीजन्य करपा येतो. पानांवर तपकिरी ठिपके, कोवळ्या काड्यांवर काळे व्रण, आणि जूनमध्येच खाली पानांचा सडा. मुळांविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा: विलो धडधाकट नळ फोडत नाही. पण जुन्या मातीच्या नळांचे सांधे गळत असतील तर तो ओलावा मुळं हुडकून काढतात, आत शिरतात आणि नळात केसांच्या वेणीसारखा गुंता होतो. नव्वद वर्षांच्या वस्तीत गळणारा सांधा सापडणं अवघड नाही.

ओक सावकाश. वर्षाला हातभर वाढला तरी खूप. पहिली वीस वर्षं तो बागेत गुणी बाळासारखा राहतो, आणि याच गुणीपणामुळे लोक फसतात. त्याला ओकाची फळं यायलाच साधारण ४० वर्षं लागतात. भर बहर ८० ते १२० वर्षांच्या दरम्यान. म्हणजे त्याची भूक वाढेल तेव्हा हे घर दोन-तीनदा विकलं गेलेलं असेल. विलोचं बिल आपण भरतो, ओकचं बिल अनोळखी माणसाच्या दारात जातं. आबांना मी असंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपण लावायचं आनि दुसऱ्यानं निस्तरायचं, हे काय बरं न्हाई."

ओकच्या विरुद्ध या भागापुरता आणखी एक मुद्दा होता. ओकवर मिरवणुकीनं चालणारी एक सुरवंटाची जात २००६ पासून पश्चिम लंडनमध्ये ठाण मांडून आहे. तिचे बारीक केस अंगावर आले की पुरळ, खाज, कधी श्वासाला त्रास. मोठ्या उद्यानात प्रशिक्षित माणसं येऊन घरटी काढतात. घरच्या बागेत रांगतं मूल असताना ही कटकट कोण घेणार?

आणि आता दोघांच्या बाजूनं. जावयानं ऐकलं होतं की ओकएवढं वन्यजीवन कुठल्याच झाडावर नसतं, म्हणून निसर्गासाठी तरी ओक, असं तो अधूनमधून सासऱ्यांच्या बाजूनं झुकायचा. ब्रिटनमध्ये ओकशी २,३०० जातींचा संबंध आहे, त्यातल्या ३२६ जाती ओकवाचून जगतच नाहीत, हा हिशेब खरा आहे. त्यात पक्षी, बुरशा, दगडफूल, शेवाळ सगळं आलं. पण नुसते कीटक मोजले तर १९८४ च्या एका गाजलेल्या मोजणीत देशी विलोंवर ४५० जाती निघाल्या आणि देशी ओकवर ४२३. विलोच्या आकड्यात पाच जातींची बेरीज आहे हे खरं, तरी त्याला गरीब समजायचं कारण नाही. मार्चमध्ये बाकी सगळी बाग झोपलेली असताना भुंगे आणि मधमाश्या पहिल्यांदा जातात त्या विलोच्या मखमली तुऱ्यांवर. आणि बागेत हे काम करायला २४ मीटरचा विलो लागत नाही.

बॅटचं झाड

जावयाच्या हौसेला इथे थोडी जागा द्यायलाच हवी, कारण तो अभ्यास करून बसला होता. बॅटचा विलो म्हणजे पांढऱ्या विलोचा 'सेरुलिया' हा प्रकार, मुख्यतः इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एसेक्स-सफोक भागात ओढ्यानाल्यांकाठी लावतात. बी पेरत नाहीत. तीन मीटरच्या आसपास लांबीचा, मुळं नसलेला सोट जमिनीत खोल खुपसतात. मग वर्षानुवर्षं त्याच्या खोडावर फुटणारे कोंब हातानं चोळून काढायचे, कारण एक कोंब राहिला की तिथे गाठ आणि गाठ म्हणजे बॅट गेली. पंधरा ते वीस वर्षांत झाड तोडणीला येतं. ओंडक्याचे पाचरीसारखे तुकडे करून वाळवतात आणि त्यातले बरेच जहाजानं भारतात जातात, मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत. 'इंग्लिश विलो' असं छापलेली जी बॅट मुलाला घेऊन द्यायला आईबाप दहादा विचार करतात, ती अशी दोनदा समुद्र ओलांडून कधी कधी पुन्हा इंग्लंडच्या दुकानात येते.

घरच्या बागेत याचं काय होतं? एका झाडासाठी व्यापारी येत नाही. आला तरी या घराच्या बाजूची बोळ माणूस आणि चाकांची कचरापेटी एकत्र जाणार नाही एवढी अरुंद. ओंडका घरातून काढायचा का? आणि बॅटच्या विलोला एक जिवाणूजन्य रोग होतो, लाकडावर पाण्याचे डाग उमटवणारा, ज्यानं लाकूड बॅटसाठी निकामी होतं. एसेक्सचे शेतकरी अशी झाडं ताबडतोब काढून टाकतात. हॅरोत वीस वर्षं कोंब चोळून शेवटी मिळणार जळण.

"मग बॅट विकतच घेतो," जावई म्हणाला. हा मुद्दा संपला.

काय लावलं

निर्णयाच्या आधी आबांना आम्ही जवळच स्टॅनमोरकडच्या बेंटली प्रायरी या राखीव रानात नेलं. तिथे 'मास्टर ओक' म्हणून ओळखला जाणारा जुना ओक आहे, पाचशे वर्षांहून अधिक वयाचा मानतात. हे मुद्दाम केलं, कारण कागदावर २० मीटर आणि २५ मीटर म्हणून माणसाला काही कळत नाही. त्या बुंध्याजवळ उभं राहून वर बघितलं की ९ मीटर रुंदीच्या बागेत हे मावायचं नाही, हे सांगावं लागत नाही. आबांनी बुंध्याला बाहेरूनच नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर ओढ्याकाठी विलो दिसला तर आबा थबकले. लांबट पान, मागची बाजू पांढुरकी. "ही तर आमची वाळुंज!" कोयनेच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठानं वाळुंज असतो, तो विलोच्याच कुळीतला, त्यांनी बरोबर ओळखला. ओक मात्र सह्याद्रीत नाही. हिमालयात आहे, आपल्याकडे नाही. म्हणजे इतके दिवस आबा परक्या झाडासाठी भांडत होते आणि घरच्या झाडाला नावं ठेवत होते. लेकीनं ते त्यांना दोन दिवस ऐकवलं.

मग काम सुरू झालं, आणि पहिलं काम झाडाचं नव्हतं. कोपऱ्यातली उपरी चिकणमाती काढली. क्लबातले दोन मित्र, भाड्याची लोखंडी कचरापेटी, आणि एक कोरडा शनिवार-रविवार. ओल्या चिकणमातीवर राबलं तर ती आणखी दाबली जाते, म्हणून कोरड्या दिवसांची वाट बघितली. खालची जुनी माती काट्याच्या फावड्यानं उचकटून सैल केली, उलथली नाही. वर पानांचं कुजलेलं खत जाड पसरलं. तेवढ्यानं पुढच्या पावसात पाणी तासाभरात नाही, पण दिवसाभरात जिरायला लागलं. हॅरोच्या चिकणमातीत याहून जास्त अपेक्षा करू नये.

कोपऱ्यात मोठं झाड म्हणून लवदार बर्च लावला. तो पाण्याच्या कमी भुकेच्या गटात; बर्चची उंची १४ मीटर धरतात, म्हणजे प्रभाव ७ मीटर. शेजाऱ्याची खोली ८ मीटरवर. निभावलं. चंदेरी बर्चपेक्षा याला ओलसर जमीन जास्त मानवते. फेब्रुवारीत, मुळं मातीविना मिळतात तेव्हा, कमरेएवढं रोप घेतलं. मोठं, कुंडीतलं, तयार झाड विकत घेण्याचा मोह लोकांना होतो. चिकणमातीत लहान रोप दोन-तीन वर्षांत त्याला गाठतं आणि कित्येकदा मागे टाकतं. खड्डा रुंद केला, खोल नाही. गुळगुळीत कडांचा खोल खड्डा चिकणमातीत म्हणजे पाण्याची बादली.

आबांना बर्च फार आवडला नाही. सडपातळ वाटला त्यांना. हॉर्नबीम या झाडाचाही विचार झाला होता; चिकणमातीत तो खुशीत असतो, त्याचीही भूक कमी, उंची १७ धरली तर प्रभाव साडेआठ. अर्ध्या मीटरानं हुकला. अर्धा मीटर काय एवढा, असं जावई म्हणाला आणि तेही खरं होतं, ही मापं काही देवानं दिलेली नाहीत. पण हॉर्नबीमचा पसारा ९ मीटरच्या बागेत दोन्हीकडच्या कुंपणांवर गेला असता, आणि दर दोन वर्षांनी शेजाऱ्याशी छाटणीची बोलणी करावी लागली असती. माझा विरोध त्यासाठी होता.

विलो लेकीला मिळाला, पण छोटा. 'किल्मार्नॉक' नावाचा कलमी विलो, दोन मीटरच्या आत राहणारा, छत्रीसारखा खाली उतरणारा. मार्चमध्ये त्यावर आधी चंदेरी आणि मग पिवळे तुरे येतात, आणि मधमाश्यांची गर्दी होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा बागेच्या मध्यावर लावला. त्याला एकच काम असतं: कलमाच्या खाली, खुंटावरून सरळ वर जाणारे कोंब आले की लगेच काढायचे. ते ठेवले तर काही वर्षांत छत्री गायब आणि खुंटाचा भलामोठा विलो डोक्यावर. फुलं संपली की आतल्या मेलेल्या काड्या कापून विरळ करायचा. बस्स.

आणि आबांचा ओक? ऑक्टोबरात फिरायला जाताना फूटपाथवर पडलेली ओकची फळं त्यांनी खिशात भरून आणली होती. ती पाण्यात टाकली, तरंगली ती फेकून दिली, बुडाली ती खोल कुंड्यांत पेरली. खारींपासून वाचवायला वर जाळी. इंग्लिश ओक आधी शरद ऋतूतच मूळ सोडतो आणि कोंब वसंतात वर येतो, त्यामुळे मार्चमध्ये परतायच्या वेळी आबांना कुंडीत फक्त माती दिसत होती. एप्रिलच्या शेवटी लेकीनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सोटमूळ कुंडीत गोल फिरायच्या आत रोपं हलवावी लागतात. दुसऱ्या हिवाळ्यात ती क्लबातल्या एकाच्या ससेक्समधल्या शेताच्या कडेला गेली, जवळच्या घरापासून भरपूर लांब.

दुसऱ्या बागांसाठी

हा निकाल हॅरोच्या मातीचा आहे. जमीन वालुकामय किंवा खडीची असती तर उत्तर बदललं असतं; तिथे झाडानं कितीही पाणी ओढलं तरी जमीन आक्रसत नाही. लंडनच्या पश्चिमेला स्लाव शहराकडे बऱ्याच ठिकाणी थेम्सनं आणलेली खडी आहे. खुद्द हॅरो-ऑन-द-हिलच्या माथ्यावरही वाळूचे थर आहेत आणि खाली उतरलं की चिकणमाती, एकाच बस मार्गावर. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो, आपला पिनकोड टाकायचा की खालचा खडक कळतो. पण वरच्या दोन फुटांत आधीच्या मालकानं काय पुरलंय ते नकाशा सांगत नाही. त्यासाठी फावडं.

६० मीटरची बाग असेल, टोकाला खरोखरचा बारमाही ओढा असेल, आणि पलीकडे शेत असेल, तर झुकता विलो बेधडक लावावा. त्या जागेसाठी त्याच्यासारखं झाड नाही. ओकला तेवढीच जागा आणि कोरडा पाय पुरतो. विलो आवडतो पण जागा बेताची, तर 'ब्रिट्झेन्सिस' हा शेंदरी काड्यांचा विलो दर मार्चमध्ये जमिनीलगत छाटून ठेवता येतो. हिवाळाभर काड्या पेटल्यासारख्या दिसतात आणि पानांचा भार कमी राहिल्यानं पाण्याची ओढही कमी. मात्र ही छाटणी दर एक-दोन वर्षांनी करण्याची शिस्त हवी. ती नसेल, किंवा घर पाच-सात वर्षांत विकायचं असेल, तर लावू नये. पुढचा मालक छाटेल याची खात्री कोण देणार?